परबकाकांचा सरकारी मका

आम्ही चारकोपला राहायला आलो त्या पहिल्याच सप्टेंबरात, एका रविवारी सकाळी, दारावरची बेल वाजली. दार उघडलं तर समोर एक उंच, वाळकुडे गृहस्थ. शर्ट पँटमध्ये नीट खोचलेला, पायात रबरी चपला, खांद्याला फुगलेली कापडी पिशवी. नमस्कार ना चमत्कार. माझ्याकडे रोखून बघत त्यांनी विचारलं, "टॅक्स भरता ना?"

मी दचकले. सामान अजून खोक्यांत होतं, कुठला कागद कुठे आहे देव जाणे. मी म्हटलं, भरते ना, पवईला नोकरी आहे, कंपनी पगारातूनच कापून घेते, हवं तर ऑफिसातून पत्र आणून देते. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, पिशवीत हात घातला आणि मक्याचं एक कणीस काढून माझ्या हातावर ठेवलं.

"मग हा तुमचा हिस्सा. टॅक्स तुमचा, घाम माझा, पाऊस देवाचा. सावकाश खा."

एवढं बोलून ते शेजारच्या दाराकडे वळले. तिथेही त्यांनी तोच प्रश्न विचारलेला मला ऐकू आला.

हे मनोहर परब. राहणार चौथा मजला. बिल्डिंगमध्ये लहानथोर सगळे त्यांना परबकाका म्हणतात. चारकोपच्याच इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये बाटल्यांची बुचं बनवणाऱ्या कारखान्यात उभं आयुष्य काढून ते रिटायर झाले. मूळ गाव कुडाळच्या पुढे. तिथे वडिलांच्या वाटणीची थोडी जमीन आहे, आणि गावातल्या बाकी सगळ्यांसारखं तिच्यातही पूर्वी भात व्हायचं. कोकणातल्या त्या गावात मक्याचं नावही कोणी काढत नव्हतं. तो तिथे पोचला तो सरकारी कृपेने.

झालं असं की रिटायर झाल्यावर काका गावी गेले, तेव्हा कृषी खात्याचे एक सहायक मक्याच्या बियाण्याच्या पिशव्या घेऊन घरोघर फिरत होते. कोकणातही मका होतो हे त्यांना दाखवून द्यायचं होतं. बियाणं अनुदानावर, खत अनुदानावर, शिवाय शेताच्या कडेला लावायला पत्र्याचा फलक फुकट. गावाने त्या सहायकांना चहा पाजला, बसायला खुर्ची दिली, ख्यालीखुशाली विचारली आणि मका सोडून सगळ्या विषयांवर गप्पा मारल्या. काकांना त्यांची दया आली. शिवाय फलकही आवडला. तेव्हापासून गावात त्यांना 'मकेवाला मुंबईकार' म्हणतात आणि इथे चारकोपला ते स्वतःची ओळख करून देतात ती "मी लाभार्थी माणूस" अशी. बँकेत, दवाखान्यात, लग्नाच्या पंगतीत, कुठेही. लोक विचारतात, कसले लाभार्थी? की काकांची गाडी सुटली.

आता हजारो माणसं अनुदान घेतात आणि गप्प बसतात. काकांचं तसं नाही. त्यांचं म्हणणं असं, की सरकारकडे स्वतःचं काय असतं? कपाळ. जे आहे ते लोकांच्या टॅक्सचं. म्हणजे बियाण्यात लोकांचा वाटा आला. बियाण्यात आला म्हणजे पिकात आला. आणि सगळ्या देशाला मका वाटणं एका माणसाच्या आवाक्याबाहेरचं असल्यामुळे त्यांनी सुरुवात आपल्या बिल्डिंगपासून केली होती. या युक्तिवादात चूक काढायचा प्रयत्न मी बरेचदा केला आहे. अजून सापडलेली नाही.

दुसऱ्या मजल्यावरच्या नाईकबाई निवृत्त शिक्षिका. त्यांनी एकदा सांगून बघितलं की माझी पेन्शन तुटपुंजी, मला टॅक्स बसतच नाही, तेव्हा माझं कणीस तुम्ही दुसऱ्या कुणाला तरी द्या. काकांनी विचारलं, साबण घेता ना? चहापावडर घेता ना? झालं. त्यांना दोन कणसं मिळाली, एक साबणाचं आणि एक चहापावडरचं. जिन्यात खेळणाऱ्या पोरांनी बिस्किटाचे पुडे घेतलेले असत, त्यामुळे तीही सुटत नसत. वॉचमन मोबाइलला रिचार्ज मारतो म्हणून त्याचाही हिस्सा ठरलेला. एकदा आमचे सेक्रेटरी मेहताभाई सोसायटीच्या मीटिंगमध्ये तावातावाने बोलले की आम्ही मरमर कमवायचं आणि तिकडे शेतकऱ्याला सगळं फुकट. काका मीटिंगमधून उठून गेले. सगळ्यांना वाटलं, दुखावले. पाच मिनिटांत चार मजले चढून-उतरून ते परत आले, मेहताभाईंच्या पुढ्यात तीन कणसं ठेवली आणि म्हणाले, "तुमचा हिशेब चुकता. आता पुढचा विषय घ्या."

हे सगळं ठीक होतं हो. अडचण एकच होती. मका खाण्यासारखा नव्हता.

म्हणजे दिसायला बरा, पांढरट, टपोरा. पण दाणा असा की कुकरच्या शिट्ट्या संपायच्या आणि तो जसाच्या तसा. भाजला तर तडतडून अंगावर उडे. नाईकबाईंची कवळी एका सप्टेंबरात कणसात रुतून बसली होती आणि त्यांच्या सुनेने ती चिमट्याने सोडवली होती. याबद्दल काकांकडे कोणी दबक्या आवाजात काही बोललंच, तर ते म्हणत, "सरकारी काम आहे, वेळ लागणारच." मेहताभाई दरवर्षी बिल्डिंगमधला उरलेला मका गुपचूप गाडीत भरून आरे कॉलनीत नेत आणि तबेल्यातल्या म्हशींना घालत. म्हशी तो आवडीने खात, असं ते सांगत.

आणि नुसतं कणीस देऊन काका मोकळे होत नसत. आठवड्याभराने ते पुन्हा बेल वाजवायचे. "शेरा?" एवढाच प्रश्न. तुमच्या पैशाचं पीक, तर ते कसं झालं हे सांगणं तुमचं कर्तव्य. बिल्डिंग एकमुखाने सांगायची, छान झालाय काका. काका मान हलवायचे, पण त्यांचं समाधान झालेलं दिसत नसे.

खरा शेरा त्यांना मिळाला तो आमच्या घरी. माझी आई सिल्लोडकडची, मक्याच्या रानात वाढलेली. मुंबईला माझ्याकडे येऊन राहिली तरी तिची जीभ तिकडचीच राहिली. पहिल्या वर्षी काका शेरा घ्यायला आले तेव्हा मी आतून डोळ्यांनी खुणा करत होते, पण तिने बघितलंच नाही. ती म्हणाली, "भाऊ, मका कोवळा असताना खुडायचा असतो. तुम्ही त्याचं वय होऊ दिलंय. हा माणसांना देऊ नका, जनावराला घाला."

मी डोळे मिटून घेतले. उघडले तर काका सोफ्यावर बसले होते आणि त्यांचा चेहरा लग्नघरासारखा उजळला होता. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कुणीतरी त्यांना शेतकरी समजून बोललं होतं. त्यांनी तिला विचारलं, खुडायचा कधी ते कसं ओळखायचं? आईने सांगितलं. त्यांनी विचारलं, रानात दोन रोपांत अंतर किती? आईने वीत पसरून दाखवली. चहा झाला, दुसऱ्यांदा झाला, शेवटी मी भात टाकला.

पण पुढच्या वर्षी मका पुन्हा दगडच. आईने जाब विचारला तेव्हा काका म्हणाले, "वहिनी, खुडायला हात होत नाही. भरलेलं शेत बघायला बरं वाटतं. आज राहू दे, उद्या खुडू म्हणता म्हणता वय होतं त्याचं." आईने कपाळावर हात मारला. असं त्यांचं भांडण दर सप्टेंबरात व्हायचं आणि दोघंही त्याची वाट बघायचे.

काकांचं वर्षाचं गणित ठरलेलं. जूनमध्ये पेरणीला जायचं, परत यायचं. मग गणपतीला जायचं ते तिथेच राहायचं, कारण त्याच सुमाराला कणसं भरतात आणि त्याच सुमाराला माकडं येतात. शेताच्या कडेला लाकडी माळा बांधलेला आहे. त्याच्यावर बसून काका दिवसभर डबा बडवतात. मका घरात आला की मगच चारकोप.

गेल्या वर्षी मात्र गणपतीतच आई बाथरूममध्ये घसरली. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, स्क्रू बसले, आणि तिला घरी आणल्यावर माझी खरी परीक्षा सुरू झाली. सकाळची बाई यायची, दुपारची यायची नाही. रजा संपत आली. ऑफिसात साहेबांचा चेहरा बघवत नव्हता. एका सकाळी मी दारात उभी राहून फोनवर दुसरी बाई शोधत होते, तर जिन्यावरून परबकाका खाली उतरताना दिसले. हातात कुठलीही पिशवी नाही.

मी म्हटलं, काका, तुम्ही इथे कसे, मका? ते म्हणाले, तिकीट मिळालं म्हणून आलो. गौरी-गणपती विसर्जनानंतर कोकणातून मुंबईला यायचं तिकीट असं अचानक कोणाला मिळत नाही, हे शेंबडं पोरही सांगेल. पण मी तेव्हा दुसरं काही ऐकण्याच्या मनःस्थितीत नव्हते. "तू जा गो बाय कामाला," ते म्हणाले. "मी रिकामाच आहे."

तेव्हापासून दुपारी काका आमच्या घरी. आईला जेवण गरम करून वाढायचं, गोळ्या द्यायच्या, वॉकर धरून खोलीतल्या खोलीत चालवायचं. चालवताना ते तिच्यापुढे उलटे चालत आणि म्हणत, "या वहिनी, या. बांधापर्यंत या." आई म्हणे, हा बांध आहे का कपाट? मग दोघं थांबून त्याच्यावर वाद घालत. मी संध्याकाळी दमूनभागून आले की आई काकांची तक्रार करायची. भाजी अळणी केली, टीव्ही मोठा लावला, पत्त्यांत चोरी केली. तक्रारी ऐकता ऐकता मला कळायचं की बाईची तब्येत सुधारते आहे.

ऑक्टोबर उजाडला. आई काठीवर आली. आणि एका रविवारी सकाळी बिल्डिंगभर बेला वाजायला लागल्या.

मका आला होता. आम्ही तो कुकरला लावला. पहिल्याच शिट्टीला घरात गोड वास सुटला आणि मला शंका आली. बाहेर काढून बघितलं तर पिवळाधमक, मऊ, रसरशीत. सोलून टाकलेल्या पानांना लाल माती चोळलेली होती, पण देठ बाजारात कापतात तसे एका मापात कापलेले होते. हा कांदिवली स्टेशनबाहेर ढिगाने मिळतो तो गोड मका. जग त्याला स्वीट कॉर्न म्हणतं. तेवढ्यात फोन वाजला. मेहताभाईंनी काकांना वगळून एक नवीनच व्हॉट्सॲप ग्रुप काढला होता आणि त्यावर लिहिलं होतं, 'मका मार्केटचा आहे. कोणी काकाला काय बोलायचं नाय. शेऱ्यात छान नाय बोलायचं, नेहमीसारखा कडक आहे असं बोला.'

मग त्या संध्याकाळी जो प्रकार झाला तो मी जन्मात विसरणार नाही. या वेळी काका आठवडाभर थांबले नाहीत, त्याच दिवशी शेरा घ्यायला निघाले. अपराध्यासारखे एकेका दाराशी जात होते. मेहताभाई म्हणाले, काका, पाच सीटी दिली तरी शिजत नाय तुमचा मका. वॉचमनने दाढ धरली. नाईकबाईंच्या हातात तर साफ खाल्लेलं, एकही दाणा न उरलेलं कणीस होतं. ते पाठीमागे लपवून त्या म्हणाल्या, यंदा तर जास्तच निबर आहे हो, माझी कवळी हलली. शाळेत पोरांना आयुष्यभर खरं बोलायला शिकवलेली बाई ती. आणि काकांच्या चेहऱ्यावरचा ताण दारागणिक थोडा थोडा सुटत चालला होता.

शेवटी ते आमच्याकडे आले. मला धाकधूक होती ती आईची. तिला मी आधीच बजावून ठेवलं होतं, की एकदा, फक्त एकदा, खोटं बोल. काका सोफ्याच्या कडेला बसले. आईसमोर ताटलीत अर्धं खाल्लेलं कणीस होतं. तिने सावकाश तोंडातला घास संपवला.

"भाऊ, हे कोणाच्या रानातलं?"

काकांनी नजर जमिनीकडे वळवली. म्हणाले, "माकडांनी खाल्लं वहिनी. शेजाऱ्याला सांगून आलो होतो, पण दुसऱ्याच्या शेताला कोण दिवसभर डबा वाजवणार? एक कणीस नाही ठेवलं."

"मग राखण सोडून आलात कशाला? मला सांभाळायला माझी लेक होती ना."

मला वाटलं ते काहीतरी गमतीचं बोलतील. टॅक्सचं, सरकारचं. पण ते हात चोळत बसले आणि मग सांगायला लागले. आम्ही बिल्डिंगमध्ये यायच्या आधीची गोष्ट. मक्याचं त्यांचं पहिलंच वर्ष होतं. ते गावी माळ्यावर बसून माकडं हाकलत होते, आणि इथे चौथ्या मजल्यावर काकूंच्या छातीत दुखायला लागलं. बिल्डिंगला लिफ्ट नाही. मेहताभाई आणि वॉचमन यांनी त्यांना खुर्चीत बसवून खाली उतरवलं. गाडीत नाईकबाईंनी त्यांचं डोकं मांडीवर घेतलं. माळ्यावर फोन लागत नव्हता. काका घरी पोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं. लोकांनी काही म्हणजे काही करायचं शिल्लक ठेवलं नव्हतं.

"त्या वर्षीचा मका मात्र वाचला," काका म्हणाले. "एवढा मका घेऊन आलो घरी. खाणार कोण? मग वाटला बिल्डिंगमध्ये. या लोकांचं मी काय फेडू? दुसरं आहे काय माझ्याकडे?"

मला राहवलं नाही. मी विचारलं, मग काका, ते टॅक्सचं काय?

ते कसनुसं हसले. "पहिल्यांदा दाराशी जाऊन आभारच मानायला गेलो होतो गो. नाईकबाई रडायला लागल्या. मेहताभाई रडायला लागले. कणीस राहिलं हातात. मग पुढच्या दाराशी म्हटलं, टॅक्स भरता ना? ते हसले. तेव्हापासून तेच धरून ठेवलं."

इतकी वर्षं तो दगडासारखा मका एकाही घराने परत का केला नाही, हे मला तेव्हा समजलं. मी उगाच ताटल्या आवरायला लागले. एकदा वाटलं, त्यांना सांगावं, आज तुम्हाला मिळालेला प्रत्येक शेरा खोटा होता. पण ते त्यांना ठाऊक असणार, असंही वाटलं.

आई मात्र गप्प बसणाऱ्यातली नाही. ती पुढे झाली, काठी बाजूला ठेवली आणि तिला जमेल तितक्या हळू आवाजात म्हणाली, "भाऊ, असं मनाला लावून घेऊ नका. तुम्ही इथे असता तरी त्या गेल्याच असत्या."

"होय," काका म्हणाले. "पण मी असतो ना."

आईने ताटलीतलं कणीस मोडलं, न खाल्लेला अर्धा भाग त्यांच्या हातात दिला आणि मला मीठ-लिंबू आणायला सांगितलं. मी आत जाऊन लिंबू चिरलं. परत आले तेव्हा काका खायला लागले होते.